पुस्तकातली मोटार कोणती?

‘सपाट रस्त्यावरील एका वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. टायर व रस्ता यांच्यातील घर्षण गुणांक ०.८ आहे. मोटार न घसरता जास्तीत जास्त किती वेगाने वळू शकेल?’ अशा धर्तीचे उदाहरण बारावीच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात दरवर्षी सोडवले जाते. वेगाचा वर्ग बरोबर घर्षण गुणांक गुणिले त्रिज्या गुणिले गुरुत्व त्वरण. किमती घातल्या की उत्तर येते सेकंदाला १९.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७१ किलोमीटर. उत्तरात गाडीचे वस्तुमान कोठेच येत नाही, हे शिक्षक आवर्जून दाखवतात. जड ट्रक असो की हलकी मोटार, मर्यादा एकच. विद्यार्थ्यांना याची गंमत वाटते आणि पाठ पुढे सरकतो.

मला या उदाहरणाबद्दल एक तक्रार आहे. यातली मोटार कोणती, हे कोणी विचारत नाही. वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी जी वाहने असतात, म्हणजे एसटी, ऑटोरिक्षा, काळीपिवळी जीप, उसाची ट्रॉली, त्यांतली बरीच या सूत्राप्रमाणे वागत नाहीत. हे सूत्र मनापासून पाळणारे वाहन म्हणजे स्पोर्ट्स कार, आणि ती आमच्या चुडाव्यात कोणी पाहिलेली नाही. चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले, पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचे गाव. तेथील मुलाला पुस्तक नकळत एका शर्यतीच्या गाडीचे शास्त्र शिकवते आणि ते सर्व गाड्यांचे आहे असे सांगते.

बारावीचे सध्याचे पुस्तक २०२० साली आले. त्याचा पहिलाच पाठ परिवलन गतीचा आहे. त्यात सपाट वळण आहे, उतार दिलेले वळण आहे आणि जत्रेतला ‘मौत का कुआँ’ही आहे. ही निवड मला मनापासून आवडली. गाडी म्हणजे बिंदू नव्हे, तिच्या सर्व चाकांवरचा भार सारखा नसतो, अशा सूचनाही अशा पुस्तकांतून असतात. पण सूचना वाचली जात नाही आणि परीक्षेला येते ते सूत्र. माझा आक्षेप सूत्राच्या बरोबर-चूकपणाला नाही. ते कोठे लागू पडते याची सीमा न सांगता ते दिले जाते, याला आहे.

ही सीमा कशी ओळखायची? त्यासाठी स्पोर्ट्स कारकडेच जावे लागते, कारण तिच्याच वागणुकीच्या सर्वांत चोख नोंदी उपलब्ध आहेत. अशा गाडीत एक डेटा लॉगर, आपण त्याला नोंदयंत्र म्हणू, बसवलेले असते. ते दर सेकंदाला दहापासून शंभर वेळा, काही वेळा त्याहूनही अधिक, अनेक राशी टिपून ठेवते. गाडीच्या लांबीच्या दिशेचे आणि बाजूच्या दिशेचे त्वरण, उभ्या अक्षाभोवती गाडी किती जलद फिरते आहे तो कोनीय वेग, प्रत्येक चाकाचा वेग, स्टिअरिंग किती वळवले आहे तो कोन, ब्रेकमधील दाब, आणि उपग्रहाच्या साहाय्याने मिळालेले स्थान. त्वरण बहुधा ‘जी’ या एककात सांगतात. एक जी म्हणजे गुरुत्व त्वरणाइतके, सेकंदाला सेकंदास ९.८ मीटर.

याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या गाड्यांचे आहे. आयआयटी मुंबई, मुंबईचेच सोमय्या महाविद्यालय अशा संस्थांचे विद्यार्थी एकासनी शर्यतगाड्या स्वतः बांधतात आणि ‘फॉर्म्युला स्टुडंट’ प्रकारच्या स्पर्धांत उतरवतात. भारतात ‘फॉर्म्युला भारत’ ही तशी स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. या स्पर्धांत ‘स्किडपॅड’ नावाची एक चाचणी असते. १५.२५ मीटर व्यासाची दोन वर्तुळे शेजारी शेजारी आखलेली असतात आणि त्यांच्याभोवती ३ मीटर रुंदीची वाट असते. गाडीने उजव्या वर्तुळाला दोन फेऱ्या मारायच्या, मग डाव्या वर्तुळाला दोन. प्रत्येक बाजूची दुसरी फेरी मोजली जाते. पहिली का मोजत नाहीत? गाडी वळणात शिरताना कलते, टायर पिळला जातो आणि हे सर्व स्थिरावायला वेळ लागतो म्हणून. प्रयोगशाळेत लंबकाची पहिली काही आंदोलने आपण सोडून देतो, तसेच हे आहे.

आता गणित करू. वाटेच्या मध्यावरून जाणाऱ्या गाडीची त्रिज्या ९.१२५ मीटर, परीघ सुमारे ५७.३ मीटर. फेरीला ५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ११.५ मीटर, ताशी जेमतेम ४१ किलोमीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की अभिकेंद्री त्वरण येते १४.४, म्हणजे १.४७ जी. फेरीला ५.५ सेकंद लागले तर १.२१ जी. फक्त अर्ध्या सेकंदाच्या फरकाने त्वरणात केवढा फरक पडतो ते पाहावे. शिवाय हे सर्व ताशी ४० किलोमीटरच्या आसपास घडते. ‘मर्यादा’ म्हटली की मुलांना ताशी २०० किलोमीटर आठवतात. खरी मर्यादा पूर्ण्याच्या बाजारातल्या मोटारसायकलच्या वेगालाही गाठता येते, त्रिज्या पुरेशी लहान हवी एवढेच.

वरच्या उत्तरातून घर्षण गुणांक एकापेक्षा जास्त निघतो. (काही गाड्यांना पंख असतात आणि हवा त्यांना थोडी खाली दाबते, पण या वेगाला तो वाटा मर्यादित असतो.) घर्षण गुणांक नेहमी एकापेक्षा कमीच असतो, असे सांगणारे शिक्षक मला अजून भेटतात. लाकूड, लोखंड, काच यांच्या बाबतीत ते बहुधा खरे ठरते. रबर रस्त्याच्या बारीक उंचवट्यांत दबते आणि त्यांना चिकटतेही. त्यामुळे शर्यतीच्या मऊ टायरचा गुणांक एकाच्या पुढे सहज जातो. रस्त्यावरच्या चांगल्या स्पोर्ट्स कारचा एकाच्या आसपास असतो, साध्या मोटारीचा कोरड्या डांबरावर ०.७ ते ०.८.

मात्र नोंदींतली खरी शिकवण आकड्यात नसून आलेखाच्या आकारात आहे. चालकाने वेग हळूहळू वाढवत नेला तर सुरुवातीला बाजूचे त्वरण वाढत जाते. मग एका ठिकाणी आलेख वाकतो आणि आडवा होतो. चालक स्टिअरिंग आणखी वळवतो, स्टिअरिंगच्या कोनाचा आलेख चढतच राहतो, पण त्वरण जागचे हलत नाही. पुढच्या टायरांनी देता येईल तेवढे दिले आहे, आणि आता गाडी वळणाच्या बाहेर सरकू लागते. दुसरा प्रकार असा की मागचे टायर आधी हार मानतात. ५ सेकंदांच्या फेरीत गाडी स्वतःभोवती सेकंदाला ७२ अंश या वेगाने फिरत असते. मागचा भाग सुटला की हा कोनीय वेग अचानक उसळतो आणि बाजूचे त्वरण मात्र तेवढेच राहते किंवा घटते. दोन रेषा एकमेकींपासून फुटतात त्या क्षणी गाडी घसरली, हे न पाहिलेल्या माणसालाही कागदावरून सांगता येते.

म्हणजे स्पोर्ट्स कारची मर्यादा हे एक पठार आहे. तिथे पोहोचण्याआधी टायर आवाज करतो, स्टिअरिंग हलके पडते, आलेख वाकतो. ती सूचना देते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे चुडाव्याला गेल्यावर तिची गरज लागणार आहे.

सूत्रातून वस्तुमान गळून जाते, हेही टायरच्या बाबतीत पुरते खरे नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुपटीहून थोडी कमीच वाढते. समजा एका आसाच्या दोन्ही चाकांवर प्रत्येकी ३००० न्यूटन भार आहे आणि गुणांक १.१ आहे, एकूण पकड ६६०० न्यूटन. वळणात १५०० न्यूटन भार आतल्या चाकावरून बाहेरच्यावर गेला. आता बाहेरच्या ४५०० न्यूटनला गुणांक घसरून १.० मिळाला आणि आतल्या १५०० न्यूटनला वाढून १.१७ मिळाला, तर बेरीज सुमारे ६२५० होते. भार तेवढाच, पकड कमी. भार किती सरकणार हे गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधले अंतर यांवर ठरते. स्पोर्ट्स कार बुटकी आणि रुंद असते ती दिमाखासाठी नव्हे, या बेरजेसाठी.

नोंदींचा दुसरा उपयोग मला वर्गाच्या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो. प्रत्येक क्षणाचे बाजूचे त्वरण आडव्या अक्षावर आणि ब्रेक किंवा वेगवाढीचे त्वरण उभ्या अक्षावर घेऊन बिंदू मांडत गेले, तर एका फेरीतले हजारो बिंदू मिळून साधारण वर्तुळाकार ढग तयार होतो. (खऱ्या गाडीचा ढग वरच्या बाजूला चपटा असतो, कारण वेग वाढवताना इंजिनाची ताकद टायरच्या पकडीआधी संपते.) विल्यम आणि डग्लस मिलिकन या पितापुत्रांच्या १९९५ सालच्या ‘रेस कार व्हेइकल डायनॅमिक्स’ या ग्रंथात या आकृतीला मोठे स्थान आहे. तिचा अर्थ सोपा आहे. टायरकडे पकडीची एकच थैली असते. त्यातून वळायलाही खर्च करायचा आणि थांबायलाही. एकूण पकड ०.८ जी असेल आणि त्यातली ०.६ वळण्यात गुंतली असेल, तर ब्रेकसाठी ०.२ उरत नाही, ०.५३ उरते, कारण वजाबाकी पायथागोरसच्या नियमाने करायची. पण वळणात ०.८ पूर्ण खर्ची पडली असेल तर ब्रेकसाठी शून्य उरते. आपल्या पुस्तकांत थांबण्याचे अंतर गतीच्या समीकरणांत येते आणि वळण वर्तुळाकार गतीत. या दोन्हींचा पैसा एकाच थैलीतून जातो, हे विद्यार्थ्याला कोठेच कळत नाही. घाटात ब्रेक वळणाआधी का मारायचा, याचे कारण त्याला क्लीनरकडून ऐकायला मिळते, भौतिकशास्त्राच्या तासाला नाही.

पकडीचा हा आकडा हाताशी असला की वर्तमानपत्रातल्या नोंदीही तपासून पाहता येतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या दिवसांत गाडीतील नोंदींच्या आधारे बातम्या आल्या, की अपघाताच्या काही सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता, धडकेच्या वेळी ८९ होता आणि ब्रेक पाच सेकंद आधी लावला होता. हे तीन आकडे एकत्र ठेवून पाहा. ०.८ जी ने पूर्ण ब्रेक लागला तर ताशी १०० किलोमीटरची गाडी सुमारे साडेतीन सेकंदांत उभी राहते. वेग फक्त ताशी ११ किलोमीटरने घटला, तर पूर्ण ब्रेक जास्तीत जास्त ०.४ सेकंद लागला असणार, किंवा पाच सेकंद फार हलकेच लागला असणार. या दोन शक्यतांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. मूळ नोंदीत ब्रेकच्या दाबाची रेषा असेल तर त्यांतली कोणती खरी ते दिसेल, बातमीत ती नव्हती. मला येथे कोणाच्या दोषाबद्दल काही म्हणायचे नाही. नववीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असा हा हिशेब आहे, आणि तो त्या आठवड्यात फारसा कोणी करताना दिसला नाही, एवढेच नोंदवतो.

आता चुडाव्याला येऊ. हंगामात या भागातल्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरमागे डुलत जात असतात. पुस्तकातले उदाहरण एका ट्रॉलीवर करून पाहू. समजा ट्रॉलीचा पाटा जमिनीपासून १.२ मीटरवर आहे आणि ऊस ३.४ मीटरपर्यंत रचला आहे. उसाचा गुरुत्वमध्य मध्यावर, २.३ मीटरवर. ऊस ८ टन, रिकामी ट्रॉली २ टन आणि तिचा गुरुत्वमध्य ०.८ मीटरवर. सर्व मिळून गुरुत्वमध्य २ मीटर उंच येतो. दोन चाकांमधले अंतर १.६ मीटर धरू. बाजूच्या बलाचे आघूर्ण ट्रॉलीला बाहेरच्या चाकावर उलटवू पाहते, वजनाचे आघूर्ण तिला धरून ठेवते. उलटण्याची मर्यादा येते चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची: ०.८ भागिले २, म्हणजे ०.४ जी.

वळणाची त्रिज्या २० मीटर घ्या आणि कोरड्या डांबराचा गुणांक ०.७. पुस्तकाचे सूत्र सांगते, ताशी ४२ किलोमीटरपर्यंत घसरण्याचे भय नाही. ते खरेच आहे. पण ट्रॉली ताशी ३२ ला उलटते. रस्त्याची साईडपट्टी खचलेली असेल आणि बाहेरचे चाक तिच्यावर उतरून ट्रॉली ५ अंश कलली, तर तिचा आकडा ०.३० जी होतो आणि ती ताशी २८ च्या आतच उलटते. ऊस दोराखाली सरकतो, स्प्रिंगा दबतात, गुरुत्वमध्य आणखी बाहेर जातो, हे यात धरलेलेच नाही. आता हेच गणित स्पोर्ट्स कारवर करा: चाकांमधले अंतर १.६ मीटर, गुरुत्वमध्य ०.४८ मीटर. उलटण्यासाठी १.६७ जी लागेल आणि टायर देणार एक जी. ती आधी घसरते, म्हणून पुस्तकातल्या सूत्रात बसते. दोन्ही वाहनांच्या चाकांमधले अंतर सारखेच घेतले आहे, हे लक्षात आले असेल.

पावसाळ्यात मात्र चित्र पालटते. काळ्या मातीचा चिखल डांबरावर आला आणि गुणांक ०.२ पर्यंत उतरला, तर त्याच वळणावर ट्रॉली ताशी २२-२३ ला घसरू लागते, उलटण्याआधीच. म्हणजे पावसात ती पुन्हा पुस्तकात येते. (घसरता घसरता चाक दगडाला किंवा साईडपट्टीच्या कडेला अडले की उलटतेच, तो भाग वेगळा.)

ट्रॉलीवर नोंदयंत्र बसवले असते तर आलेख कसा दिसला असता? बाजूचे त्वरण चढत गेले असते आणि कोठेही वाकले नसते. पठार नाही, टायरचा आवाज नाही. आतल्या चाकावरचा भार मात्र शून्याकडे चालला आहे, आणि ही राशी त्वरणमापक मोजतच नाही. ट्रॅक्टरच्या चालकाला तर मागच्या ट्रॉलीचे काहीच जाणवत नाही. ‘टायर ओरडेपर्यंत काळजी नाही’ असे अनुभवी चालक म्हणताना मी ऐकले आहे. मोटारीपुरते त्यात थोडे तथ्य आहे. उंच लादलेल्या वाहनाबाबत हा समज जिवावर बेततो, आणि पुस्तकातले सूत्र त्याच समजाला गणिताचा आधार देते. माझी तक्रार आहे ती येथे.

ऑटोरिक्षाची गोष्ट अधिक मजेदार आहे. वर सांगितलेली बिंदूंची आकृती आठवा. जे वाहन घसरण्याआधी उलटते, त्याच्या आकृतीची सीमा वर्तुळ नसते. ती त्याच्या चाकांनी जमिनीवर आखलेल्या आकृतीसारखी असते. ट्रॉलीची आयताच्या बाजूंसारखी, ऑटोची त्रिकोणी. ऑटोला उलटताना मागच्या चाकापासून पुढच्या एकुलत्या चाकापर्यंतच्या तिरप्या रेषेवरून उलटावे लागते आणि ही रेषा पुढे अरुंद होत जाते. ब्रेक मारला की बल पुढच्या दिशेला जाते, जेथे त्रिकोण निमुळता आहे. म्हणून वळताना ब्रेक मारणे चारचाकीला महाग पडते, तर ऑटोला फारच महाग. मागे प्रवासी बसले की गुरुत्वमध्य मागे, रुंद भागाकडे सरकतो, पण वरही जातो. रिकामी ऑटो अधिक धोक्याची की भरलेली, हा प्रश्न मुलांपुढे टाकून पाहावा. त्याला एकच उत्तर नाही.

तिसरी एक मर्यादा चुडाव्याच्या स्थानकातून रोज जाते. रेल्वेच्या वळणावर बाहेरचा रूळ उंचावलेला असतो आणि गाडी त्या उंचीला साजेशा वेगापेक्षा किती जलद जाऊ शकते, हे ठरलेले असते. भारतीय रेल्वेच्या रुंदमापी मार्गावर ही कमतरता सर्वसाधारणपणे ७५ मिलिमीटरपर्यंत चालते. दोन रुळांच्या मध्यांतले अंतर सुमारे १७५० मिलिमीटर धरले तर प्रवाशाला जाणवणारे बाजूचे त्वरण येते अवघे ०.०४३ जी. ही मर्यादा घर्षणाची नाही आणि डबा उलटण्याची तर नाहीच नाही. प्रवाशांचे सुख, रुळांची झीज आणि सुरक्षेचा भरपूर राखीव वाटा यांनी ती ठरते. इंदूरजवळच्या नॅट्रॅक्स या चाचणीकेंद्राच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या धावपट्टीवर ताशी २५० किलोमीटर हा वेग असा आहे, की उतार दिलेल्या वळणावर बाजूच्या घर्षणाची गरजच पडत नाही. आपल्या पुस्तकातल्या ‘सर्वांत सुरक्षित वेगा’चेच हे मोठे रूप.

वर्गात काय करता येईल? गाडी मर्यादेपर्यंत नेण्याचा विचारही नको, ते काम धावपट्टीवरच्या लोकांचे. एक फळी आणि काडेपेटी पुरे. फळीवर काडेपेटी आडवी ठेवून फळी तिरपी करत न्या, पेटी घसरेल. आता तीच पेटी उभी ठेवा; ती घसरण्याआधी पडेल. घसरण्याच्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे घर्षण गुणांक, पडण्याच्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे निम्मी रुंदी भागिले गुरुत्वमध्याची उंची. पेटी तीच, फळी तीच, वस्तुमान तेच, आणि मर्यादा दोन. मोठ्या गाड्यांची चाचणीही अशीच होते. दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर प्रवाशांइतके वजन ठेवून तिला फलाटासह २८ अंश कलवतात आणि ती उलटता कामा नये, असा युरोपीय नियम आहे. २८ अंशांची स्पर्शज्या ०.५३. आपली ट्रॉली २२ अंशांना पडली असती.

ज्यांच्या हाती स्मार्टफोन आहे त्यांच्याजवळ नोंदयंत्रही आहे. जर्मनीतील आखेन विद्यापीठाने २०१६ साली ‘फायफॉक्स’ हे मोफत अॅप उपलब्ध केले. फोनमधले त्वरणमापक आणि कोनीय वेगमापक यांच्या नोंदी ते आलेखासह दाखवते. एसटीत जमिनीवर फोन सपाट ठेवून पूर्ण्यापर्यंतचा प्रवास नोंदवला, तर बाजूचे त्वरण बहुतेक वेळ ०.३ जी च्या आतच राहील. दोन गोष्टींची मात्र सावधगिरी हवी. बस वळणात बाहेर कलते. ३ अंश कलली तरी गुरुत्वाचा एक छोटा घटक, ०.०५ जी, नोंदीत मिसळतो आणि त्वरण फुगलेले दिसते. दुसरे म्हणजे उपग्रहावरून येणारे स्थान फोनमध्ये बहुधा सेकंदाला एकदाच मिळते. ताशी ४० किलोमीटर वेगाने बस तेवढ्यात ११ मीटर पुढे जाते, म्हणजे लहान वळण दोन बिंदूंच्या मध्येच संपून जाते.

सर्वांत चांगला प्रयोग सायकलचा. मैदानावर फक्कीने ५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे, फोन कॅरिअरला घट्ट बांधावा आणि एका मुलाने ८ सेकंदांत एक अशा संथ फेऱ्या माराव्यात. वेग सेकंदाला ४ मीटरच्या आसपास, अभिकेंद्री त्वरण सुमारे ३.१, म्हणजे ०.३ जी. पण फोनवर बाजूचे त्वरण पाहिले तर ते शून्याच्या जवळपास दिसेल. वर्गातली निम्मी मुले म्हणतील फोन बिघडला. सायकल आतल्या बाजूला साधारण १८ अंश कललेली असते आणि फोनही तिच्याबरोबर कललेला असतो. त्याच्या दृष्टीने सारे बल सायकलच्या उभ्या दांड्याच्या दिशेनेच येते, फक्त एक जी ऐवजी १.०५ जी. अभिकेंद्री त्वरण हवे असेल तर एकूण कोनीय वेगाची नोंद घ्यावी, सेकंदाला ४५ अंश म्हणजे ०.७९ रेडियन, आणि तिला वेगाने गुणावे.

नववीच्या ‘गतीचे नियम’ या पाठात एकसमान वर्तुळाकार गती येते, तेथेच हे बसू शकते. बारावीपर्यंत थांबायचे कारण नाही. बारावीच्या प्रश्नात मात्र बदल हवा. ‘मोटार किती वेगाने वळेल’ या ऐवजी असे विचारावे: ‘१.६ मीटर रुंदीच्या, २ मीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेल्या ट्रॉलीला २० मीटर त्रिज्येच्या वळणावरून जायचे आहे. घर्षण गुणांक ०.७ आहे. ती आधी घसरेल की उलटेल, आणि किती वेगाला? गुणांक ०.२ झाला तर?’ पहिल्याइतकेच गुण या प्रश्नाला द्यावेत. ट्रॉलीची खरी रुंदी मुलांनी टेपने मोजून आणावी. हंगामात कारखान्याच्या काट्यासमोर ट्रॉल्या तासन् तास उभ्या असतात, मोजायला भरपूर सवड मिळते.